फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद : लाच, सेटिंग आणि बिनविरोध निवड

फुटबॉलचा वर्ल्ड कप कुठल्या देशात भरवायचा हे फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना ठरवते, आणि ते ठरवण्याच्या पद्धतीवरून गेली पंचवीसेक वर्षं सतत काही ना काही बाहेर येतंय. पाकिटं, अटका, दाबून ठेवलेले रिपोर्ट, कोर्टकचेऱ्या, सगळं झालं. सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे २ डिसेंबर २०१०ला झ्युरिकमध्ये एकाच दिवशी २०१८ रशियाला आणि २०२२ कतारला दिलं ते. पण ही नोंद फक्त त्या एका दिवसाची नाही, कारण त्याच्या आधीही असंच चालायचं आणि त्यानंतर नियम बदलले तरी प्रकार संपला असं काही म्हणता येत नाही. थोडक्यात सांगायचं तर आधी मतं विकत घेतल्याचे आरोप व्हायचे, आता मत द्यायची वेळच येत नाही.

यजमान ठरतो कसा

कागदावर प्रोसेस सरळ आहे. इच्छुक देशाची फुटबॉल फेडरेशन बिड टाकते, म्हणजे स्टेडियम कुठे, हॉटेलं किती, एअरपोर्ट कसा याचं जाडजूड पुस्तक देते, सोबत सरकारची हमीपत्रं जोडते, मग फिफाची टीम पाहणी करून रिपोर्ट देते आणि शेवटी मतदान. स्टेडियमची अट सोपी नाही, साध्या मॅचला साधारण ४० हजार, सेमीफायनलला ६० हजार आणि उद्घाटन व फायनलला ८० हजार सीट्स लागतात. सरकारी हमीपत्रात टॅक्समधली सूट, व्हिसा, सुरक्षा असं बरंच काही येतं. खर्च बहुतेक यजमान देशाचा, आणि टीव्ही हक्क आणि स्पॉन्सरचा मोठा पैसा फिफाचा. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाची कमाई साधारण साडेसात अब्ज डॉलर होती, यावरून अंदाज घ्या.

खरा प्रश्न मत कोण देतं हा आहे. २०१०पर्यंत हा निर्णय फिफाची एक्झिक्युटिव्ह कमिटी घ्यायची, एकूण २४ माणसं, मतदान गुप्त. वाशीच्या जुन्या सिडको बिल्डिंगीत किंवा नौपाड्यात रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीत राहणाऱ्या माणसाला यातला धोका वेगळा समजवायला नको, कमिटीतल्या मोजक्या लोकांना बिल्डरने वेगवेगळं गाठलं की बाकीच्या मेंबरांच्या हातात नुसती नोटीस पडते, आणि म्हणूनच तर आपल्याकडे सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या ७९ अ खालच्या नियमांत बिल्डरची निवड रजिस्ट्रार ऑफिसच्या माणसासमोर, खास जनरल बॉडी बोलावून आणि व्हिडिओ शूटिंग लावून करायला लागते. फिफात तसं काहीच नव्हतं. १३ मतं मिळवली की वर्ल्ड कप आपला.

२०१०च्या आधीचं

२००६च्या वर्ल्ड कपसाठी जुलै २०००मध्ये मतदान झालं तेव्हा जर्मनीला १२ आणि दक्षिण आफ्रिकेला ११ मतं पडली. चोविसावं मत होतं न्यूझीलंडच्या चार्ली डेम्प्सी यांचं. त्यांच्या ओशनिया संघटनेने त्यांना दक्षिण आफ्रिकेला मत द्यायला सांगितलं होतं तरी ते शेवटच्या फेरीत मतच न देता निघून गेले. प्रचंड दबाव होता असं ते म्हणाले. आदल्या रात्री एका जर्मन व्यंग मासिकाने मेंबरांच्या हॉटेलवर फॅक्स पाठवून जर्मनीला मत द्या, बदल्यात कुकू घड्याळ आणि हॅम देतो अशी थट्टेची ऑफर दिली होती. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते, पण पुढे २०१५मध्ये ६७ लाख युरोचं एक पेमेंट उजेडात आलं, जर्मन फेडरेशनने ते २००५मध्ये फिफाच्या एका कार्यक्रमाच्या नावाखाली दिलेलं आणि तो कार्यक्रम झालाच नव्हता. वकिलांच्या फर्मने चौकशी केली तेव्हा पैशाचा माग २००२मध्ये फिफा कमिटीतल्या कतारच्या मोहम्मद बिन हम्माम यांच्याशी संबंधित खात्यापर्यंत गेला. पैसे नेमके कशासाठी होते ते आजवर सिद्ध झालेलं नाही, मतं विकत घेतल्याचा पुरावा सापडला नाही पण तसं नसेलच असंही ती फर्म म्हणाली नाही.

२०१०चा वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेला मिळाला त्यातलं प्रकरण जास्त उघड आहे. अमेरिकेचे चक ब्लेझर, उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या संघटनेचे २१ वर्षं सेक्रेटरी, यांनी २०१३मध्ये अमेरिकन कोर्टात बंद दाराआड कबूल केलं की १९९८ आणि २०१० या दोन्ही वर्ल्ड कपच्या यजमान निवडीत आपण आणि इतरांनी लाच ठरवली होती. दक्षिण आफ्रिकेच्या नावाने एक कोटी डॉलर फिफाच्याच खात्यातून २००८मध्ये कॅरिबियनला गेले, तिथे ते फिफा कमिटीतल्याच त्रिनिदादच्या जॅक वॉर्नर यांच्या ताब्यातल्या खात्यात पोचले. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं की ती कॅरिबियनमधल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांच्या फुटबॉलसाठी मदत होती, लाच नव्हे. वॉर्नर यांनीही आरोप नाकारलेत. मात्र मदतच करायची होती तर एका माणसाच्या हातातल्या खात्यात कशाला, हे कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.

२ डिसेंबर २०१०

मतदानाच्या काही आठवडे आधी एका ब्रिटिश पेपरच्या स्टिंगमध्ये नायजेरियाचे आमोस आदामू आणि ताहितीचे रेनाल्ड तेमारी अडकले आणि निलंबित झाले, म्हणून मत द्यायला २२च जण उरले. २०१८साठी इंग्लंड पहिल्याच फेरीत २ मतांवर बाद झालं, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. दुसऱ्या फेरीत १३ मतांनी रशिया जिंकला. २०२२साठी ऑस्ट्रेलियाला एकच मत पडलं, मग जपान, मग कोरिया गेला आणि शेवटच्या फेरीत कतार १४, अमेरिका ८.

कतार म्हणजे क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान देश, तोवर कधी वर्ल्ड कपला पात्रसुद्धा न झालेला, आणि बिड जून-जुलैच्या स्पर्धेचं होतं जेव्हा तिथे पारा चाळिशीच्या वर असतो. फिफाच्याच पाहणी रिपोर्टमध्ये सगळ्या बिडमध्ये एकट्या कतारला एकंदर हाय रिस्क म्हटलं होतं. म्हणजे रिपोर्ट आला, छापला, आणि मत देताना बाजूला ठेवला. नंतर उन्हाचं कारण देऊन स्पर्धाच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेली, युरोपातल्या लीग मधेच थांबवून.

मतदानाच्या नऊ दिवस आधी पॅरिसला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्याकडे एक जेवण झालं होतं, त्यात कतारचे युवराज तमीम होते आणि युरोपच्या फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, फिफा कमिटीतले मिशेल प्लातिनीही. प्लातिनींनी आपलं मत कतारला दिलं हे स्वतः सांगितलंय, पण जेवणामुळे दिलं नाही म्हणतात. यात कोणाला शिक्षा वगैरे झालेली नाही. पण लाच म्हणजे पाकीटच असतं असं नाही, सरकारांची आपापसातली देवाणघेवाणही त्यात मिसळलेली असू शकते आणि ती कोर्टात सिद्ध करणं जवळपास अशक्य, हे या प्रकरणावरून कळतं.

२०२०मध्ये अमेरिकन सरकारी वकिलांनी आरोपपत्रात थेट लिहिलं की दक्षिण अमेरिकेच्या मेंबरांना कतारसाठी आणि वॉर्नर यांना रशियासाठी पैसे दिले गेले. दोन्ही देशांनी ते फेटाळलं. त्या २२ जणांपैकी निम्म्याहून जास्त जणांवर पुढे कधी ना कधी बंदी, चौकशी किंवा आरोप आले, इतकं मात्र सरळ मोजता येतं.

रिपोर्ट, चादरी आणि अटका

आरडाओरड वाढल्यावर फिफाने अमेरिकन वकील मायकल गार्सिया यांना चौकशी दिली. त्यांनी २०१४मध्ये चारशेच्या वर पानांचा रिपोर्ट दिला, फिफाने तो न छापता ४२ पानांचा सारांश काढला आणि कतार-रशियाला मोकळं केलं. गार्सिया म्हणाले हा सारांश अर्धवट आणि चुकीचा आहे, अपील केलं, ते फेटाळलं गेलं, त्यांनी राजीनामा दिला. पूर्ण रिपोर्ट जून २०१७मध्ये आला, तोही एका जर्मन पेपरच्या हाती लागल्यावर. त्यात रशियाबद्दल फार काही नाही कारण रशियाच्या कमिटीने सांगितलं की कॉम्प्युटर भाड्याचे होते, परत दिले आणि मालकाने ते नष्ट केले. आपल्याकडे फाइल आगीत जळाली म्हणतात तसंच.

२७ मे २०१५ला पहाटे स्विस पोलिसांनी झ्युरिकच्या बोर ओ लाक हॉटेलातून सात फिफा अधिकारी उचलले, हॉटेलचे कर्मचारी त्यांचे चेहरे फोटोत येऊ नयेत म्हणून पांढऱ्या चादरी धरून उभे होते. अमेरिकेच्या आरोपपत्रात १४ जण आणि चोवीसेक वर्षांत मिळून १५ कोटी डॉलरच्या वर लाच. एक गोष्ट लोक गल्लत करतात, या केसचा मोठा भाग यजमानपदाचा नव्हताच, टीव्ही आणि मार्केटिंग हक्कांच्या लाचेचा होता. दोन दिवसांनी सेप ब्लाटर पाचव्यांदा फिफाचे अध्यक्ष निवडून आले, चारच दिवसांनी पद सोडतो म्हणाले आणि डिसेंबरमध्ये त्यांच्यावर आणि प्लातिनींवर २० लाख फ्रँकच्या एका पेमेंटवरून बंदी आली. त्या पेमेंटच्या फौजदारी केसमध्ये दोघेही २०२२मध्ये आणि मग २०२५मध्ये अपिलातही निर्दोष सुटले, हेही नोंदवायला हवं.

कतारचे कामगार

आपल्या बाजूच्या लोकांना यातला सगळ्यात जवळचा भाग हाच, कारण कोकणातून, ठाणे-मुंब्र्यातून आखातात कामाला गेलेलं कोणी ना कोणी ओळखीत असतंच. तिथल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा मालकाच्या हातात असायचा आणि त्याच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. २०२१मध्ये एका ब्रिटिश पेपरने भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका मिळून दहा वर्षांत ६,५००च्या वर मृत्यू मोजले, त्यात भारतीय २,७११. हा आकडा सगळ्या कारणांच्या मृत्यूंचा आहे, सगळे स्टेडियमवर मेले असा अर्थ काढून तो फॉरवर्ड होतो ते चूक. दुसऱ्या टोकाला आयोजक स्टेडियमच्या कामावरचे फक्त तीन मृत्यू धरायचे आणि मग त्यांचेच प्रमुख नोव्हेंबर २०२२मध्ये मुलाखतीत स्पर्धेशी संबंधित सगळी कामं मिळून ४०० ते ५०० बोलून गेले. बऱ्याच मृत्यूंवर नैसर्गिक कारण असा शिक्का मारलेला, पोस्टमॉर्टेम नाही, त्यामुळे घरच्यांना भरपाई मागायला आधारच राहत नाही. दबावामुळे २०२०मध्ये मालकाच्या एनओसीची अट काढली आणि किमान पगार ठरवला, ते मात्र झालं.

सुधारणा आणि बिनविरोध

२०१०नंतर नियम बदलून यजमान निवड सगळ्या सदस्य देशांच्या काँग्रेसकडे गेली, म्हणजे २११ फेडरेशन, प्रत्येकी एक मत, आणि कोणी कुणाला दिलं ते जाहीर. १३ जून २०१८ला मॉस्कोत २०२६चं मतदान असंच झालं, अमेरिका-कॅनडा-मेक्सिको १३४ आणि मोरोक्को ६५. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नीट झालं असं वाटलं.

पुढच्या वेळेला मतदानाची गरजच ठेवली नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये फिफाने २०३० स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोला देऊन वर शंभर वर्षं झाली म्हणून पहिल्या तीन मॅच उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेला वाटल्या. तीन खंड एकदम वापरून झाल्यामुळे आणि उत्तर अमेरिका २०२६ला असल्यामुळे २०३४साठी आशिया आणि ओशनियाच उरले, आणि इच्छा कळवायला मुदत दिली महिन्याहून कमी, ३१ ऑक्टोबरपर्यंत. सौदी अरेबियाने घोषणेच्या दिवशीच नाव दिलं. ऑस्ट्रेलियाने मुदतीच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. ग्रामपंचायत असो की सहकारी बँक, अर्ज माघारीच्या दिवशी एकच अर्ज उरला की आधी काय काय झालं असेल याचा अंदाज आपल्या माणसाला बरोबर येतो. इथे पाकीट दिल्याचा आरोपसुद्धा नाही, लागलंच नाही ते. फिफाच्या तपासणीत सौदीला ५००पैकी ४१९.८ गुण पडले, मानवी हक्कांचा धोका मध्यम ठरला, आणि ११ डिसेंबर २०२४ला ऑनलाइन काँग्रेसमध्ये २०३० आणि २०३४ दोन्ही एकत्र टाळ्या वाजवून मंजूर. नॉर्वेच्या फेडरेशनने प्रोसेसवर लेखी आक्षेप नोंदवला, बाकी शांतता.

फेडरेशन बोलत का नाहीत याचं एक कारण पैसा आहे, आणि तो कायदेशीर आहे. २०२३ ते २०२६ या काळात फिफाच्या विकास निधीतून एका फेडरेशनला ८० लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. छोट्या देशाच्या संघटनेचा कारभारच त्यावर चालतो, तिथे अध्यक्षांना नाही म्हणायला कोण जाणार.

भारत आणि नवी मुंबई

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममुळे नवी मुंबईला यजमानपदाचा अनुभव आहे, अर्थात ज्युनियर आणि महिलांच्या स्पर्धांचा. २०१७चा मुलांचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारताला डिसेंबर २०१३मध्ये मिळाला तो दक्षिण आफ्रिका, आयर्लंड आणि उझबेकिस्तानच्या समोर. सहा शहरांत नवी मुंबई होती, २५ ऑक्टोबरला स्पेन-माली सेमीफायनल इथेच झाली आणि ठाण्याहून ट्रान्सहार्बरने लोक मॅच बघायला आले. अशा स्पर्धांसाठी देश भांडत नाहीत त्यामुळे वादही कमी, वाद बहुतेक घरचेच असतात.

२०२२मध्ये तसंच झालं. मुलींच्या अंडर-१७ वर्ल्ड कपची फायनल ३० ऑक्टोबरला नेरूळला ठरलेली आणि ऑगस्टमध्ये फिफाने भारताच्या फेडरेशनलाच निलंबित केलं, कारण निवडणुका वेळेत न झाल्याने सुप्रीम कोर्टाने कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिलेला आणि फिफाच्या भाषेत तो तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप. स्पर्धा हातातून जाणार असं दिसल्यावर समिती बरखास्त झाली, दहा-बारा दिवसांत बंदी उठली आणि फायनल नेरूळलाच झाली, स्पेन १, कोलंबिया ०. स्वतःच्या घरात गार्सियांचा रिपोर्ट दाबणारी संस्था दुसऱ्यांच्या कारभारावर इतकी झटपट बंदी घालते, हे जरा टोचतंच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताने २०२७च्या पुरुषांच्या आशिया कपचं बिड मागे घेतलं. इराण, कतार आणि उझबेकिस्तान आधीच बाजूला झालेले, त्यामुळे एकटा सौदी उरला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये बहरीनच्या मनामात त्याच्या नावावर शिक्कामोर्तब झालं. भारत त्या स्पर्धेत खेळणारही नाही, ऑक्टोबर २०२५मध्ये गोव्यात सिंगापूरकडून २-१ने हरून पात्रता फेरीतूनच बाहेर पडला.