वॉशिंग्टन क्रॉसिंगला निघालात? आधी नदीचा कुठला काठ ते ठरवा

मागे आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या ग्रुपचं ठरलं की अकरा वाजता वॉशिंग्टन क्रॉसिंगच्या पार्किंगमध्ये भेटायचं, आणि झालं असं की निम्म्या गाड्या पेनसिल्व्हेनियात, निम्म्या न्यू जर्सीत आणि मधे डेलावेअर नदी. या नावाचे पार्क दोन आहेत, अगदी समोरासमोर, दोन वेगळ्या राज्यांचे, त्यामुळे जीपीएसमध्ये नाव नीट बघून टाका.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात 25 डिसेंबर 1776 च्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने सुमारे 2400 सैनिक घेऊन बर्फाचे तुकडे वाहत असलेली ही नदी ओलांडली आणि सकाळी ट्रेंटन गावातल्या, ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन फौजेवर छापा घातला. होड्या सुटल्या तो काठ पेनसिल्व्हेनियाचा, तिथे वॉशिंग्टन क्रॉसिंग हिस्टॉरिक पार्क. उतरले तो न्यू जर्सीचा, तिथे वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्क.

जुन्या इमारती बघायच्या असतील तर पेनसिल्व्हेनिया. तिथे डरहॅम होड्यांच्या प्रतिकृती आहेत, लोखंड वाहायच्या लांबलचक मालवाहू होड्या, माणसांना बसायला नीट जागासुद्धा नाही, त्यांच्यासमोर उभं राहिलं की ती रात्र खरी वाटायला लागते. मग गाडीने नदीकाठाने 4-5 मैल उत्तरेकडे जा (हा भाग बरेच जण सोडून देतात, प्लीज सोडू नका), तिथे थॉम्पसन-नीली हाऊस हे दगडी घर आहे, आजारी सैनिकांना तिथे ठेवलं होतं. जवळच नदीकाठी त्यांच्या थडग्यांचे दगड आहेत, बहुतेकांवर नावच नाही. नाव आहे ते कॅप्टन जेम्स मूरचं, वय 24, गेला तो बरोब्बर 25 डिसेंबरलाच. माझी मुलगी तिथे बराच वेळ गप्प उभी होती. बोमन्स हिल टॉवरही याच बाजूला, 125 फुटी, पण तो 1931 मध्ये पूर्ण झालेला, वॉशिंग्टनच्या काळातला नाही.

न्यू जर्सीचं पार्क मात्र चालायला. पलीकडचं 500 एकर आणि हे साडेतीन हजारांच्या वर, जंगल, ओढे, मोकळी कुरणं, ट्रेल्स, आणि इमारत म्हणाल तर मुख्य जॉन्सन फेरी हाऊस. सैन्य ज्या वाटेने ट्रेंटनकडे गेलं त्या कॉन्टिनेंटल लेनवरून आजही चालता येतं.

माझं मत विचाराल तर एका दिवसात दोन्ही करा, पण सुरुवात पेनसिल्व्हेनियातून, म्हणजे गोष्ट घडली त्याच क्रमाने बघता. मधला पूल 1904 चा आणि फार अरुंद आहे, समोरून गाडी आली की आरसे सांभाळावे लागतात, त्यापेक्षा गाडी तिथेच ठेवून पुलाच्या कडेच्या पायवाटेने पलीकडे चालत जा.