डेबियनमधली ‘की’ (key) पॅकेजेस: यादीमागची पार्श्वभूमी

डेबियन या लिनक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ म्हणून येतं, आणि पॅकेजांवर फार आधीपासून ‘इसेन्शियल’ आणि ‘प्रायॉरिटी’ या खुणा आहेत. मशीनवर काय असलंच पाहिजे ते त्या सांगतात. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, कशाने अडेल हे बगच्या तीव्रतेवर ठरतं. क्रिटिकल, ग्रेव्ह किंवा सीरियस बग असलेलं पॅकेज नव्या आवृत्तीत जाऊ नये, हा नियम.

अडचण मोजणीची होती: प्रत्येक पॅकेजचा असा बग सारखाच धरला जाई. ‘व्हीझी’ या आवृत्तीचा फ्रीझ (नवे बदल घेणं थांबवण्याचा टप्पा) 30 जून 2012ला लागला आणि आवृत्ती आली 4 मे 2013ला. फारसं कुणी न वापरणाऱ्या पॅकेजांचे बगही निस्तरत बसावे लागत. 2013मध्येच ऑटोरिमूव्हल आलं: असा बग पडून राहिला की पॅकेज, त्यावर अवलंबून असलेल्यांसकट, टेस्टिंगमधून, म्हणजे पुढची आवृत्ती जिथे तयार होते त्या संचातून, आपोआप बाहेर. बगवर मेल आली की मुदत नव्याने मोजली जाते.

पण सगळंच काढून चालत नाही. म्हणून महत्त्वाची ठरलेली ‘की’ पॅकेजेस ऑटोरिमूव्हलमधून वगळली, आणि ती कशी ठरवायची, वाद तिथेच आहे. एक निकष पॉपकॉनचा, म्हणजे कोणत्या मशीनवर कोणती पॅकेजेस आहेत याच्या आकडेवारीचा: आकडेवारी पाठवणाऱ्या सुमारे 5% मशीनवर असलेलं पॅकेज यादीत येतं. पॉपकॉन ऐच्छिक आहे, इन्स्टॉल करताना त्याचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ असतं. बंद नेटवर्कमधले सर्व्हर त्यात दिसतच नाहीत. हा निकष कच्चा आहे.

दुसरा निकष बिल्डचा, म्हणजे सोर्स कोडमधून पॅकेज तयार करण्याचा, आणि तो बरोबर आहे. डॉक्सिजन हे कोडवरून डॉक्युमेंटेशन बनवणारं साधन साध्या वापरकर्त्याला लागत नाही, पण कितीतरी लायब्ररींचं डॉक्युमेंटेशन बिल्डच्या वेळी त्यातूनच तयार होतं. ते काढलं तर त्या लायब्ररी सोर्समधून बिल्ड होणार नाहीत, आणि तो स्वतःच सीरियस बग. म्हणून ‘की’ पॅकेज बिल्ड करायला लागणारं पॅकेजही ‘की’ ठरतं, मग त्याला लागणारं, अशी साखळी शेवटपर्यंत जाते. यादी फुगते ती इथे. ती आटोक्यात ठेवायची तर मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) अनावश्यक बिल्ड-डिपेंडन्सी (बिल्डसाठी लागणारी पॅकेजेस) स्वतःहून काढायला हवी.

यादीचं वजन पुढे वाढलं. ‘ट्रिक्सी’ या आवृत्तीसाठी 15 मे 2025ला हार्ड फ्रीझ लागला, तेव्हा ऑटोपीकेजीटेस्ट ही स्वयंचलित चाचणी पास होणारी इतर पॅकेजेस 20 दिवसांनी आपोआप टेस्टिंगमध्ये जाऊ शकत होती. ‘की’ पॅकेजच्या प्रत्येक बदलासाठी मात्र डेबडिफ (जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक) जोडून अनब्लॉकची, म्हणजे बदल आत घेण्याची, विनंती करावी लागत होती. 27 जुलैच्या फुल फ्रीझनंतर तोच नियम सर्वांना लागू झाला.