दोन तारखांची मूळ संख्या

२ चा ७,४२,०७,२८१ वा घात वजा १. अंक २,२३,३८,६१८. या मर्सेन मूळ संख्येपुढे (२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या आली, तर तिला हे नाव) शोधाची तारीख म्हणून कुठे १७ सप्टेंबर २०१५ दिसते, कुठे ७ जानेवारी २०१६. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. पहिल्या दिवशी अशा संख्या शोधणाऱ्या प्रकल्पातल्या एका स्वयंसेवकाच्या संगणकाने महिनाभराची आकडेमोड संपवून निकाल प्रकल्पाच्या सर्व्हरला कळवला. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे तो कोणाला समजलाच नाही. जानेवारीत नेहमीची देखभाल करताना नोंद हाती लागली आणि अधिकृत तारीख तीच ठरली: माणसाने पाहिल्याची.

हा दंडक जुना आहे. गोष्ट १९६१ ची आहे. अमेरिकेतला एक गणितज्ञ संगणकावर एकेक घातांक तपासत होता. रीत ठरलेली: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग. घातांक ४४२३ असेल तर अशा ४४२१ फेऱ्या, आणि शेवटी बाकी शून्य आली तरच संख्या मूळ. छापील कागदांचा गठ्ठा त्याने शेवटाकडून वाचला. त्यामुळे ४४२३ चा निकाल (१३३२ अंक) आधी दिसला, ४२५३ चा (१२८१ अंक) काही सेकंदांनी. तोवरचा विक्रम ९६९ अंकांचा होता. यंत्राचा क्रम धरला तर हजार अंकांचा उंबरठा ४२५३ ने आधी ओलांडला. नोंदी मात्र सांगतात की ती संख्या क्षणभरही ‘सर्वांत मोठी ज्ञात’ नव्हती.

यंत्राचा निकाल माणसाने पाहिल्याशिवाय शोध म्हणायचा का, असं दुसऱ्या एका गणितज्ञाने विचारलं. यंत्राचं सोडा, गठ्ठा रचणाऱ्या ऑपरेटरने कागदाकडे पाहिलं असेल तर, असा उलट प्रश्न पहिल्याकडून आला. मला तो बिनतोड वाटतो. ऑपरेटर काय माणूस नव्हता? आपल्याकडे तर शोध ‘घेतात’ही आणि ‘लागतो’ही. घेणारं यंत्र, लागणार माणसाला, अशी ही वाटणी.

२००९ मध्येही तेच झालं. ४,२६,४३,८०१ घातांकाचा निकाल एप्रिलमध्ये आला, लक्षात आला जूनमध्ये. तेव्हा बोंब झाली नाही, कारण आदल्याच वर्षी ४,३१,१२,६०९ घातांकाची त्याहून मोठी संख्या सापडली होती. विक्रम पणाला नव्हता.

२०२४ मध्ये तारखा तीन झाल्या. ४,१०,२४,३२० अंकी संख्या ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरने ‘बहुधा मूळ’ ठरवली, १२ ला टेक्सासमधल्या दुसऱ्या प्रोसेसरने वरच्याच रीतीने पक्की केली, जगाला कळली २१ ला. अधिकृत यादीत तारीख १२ आहे.