लहान मुलांची लवकरची ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट

सगळे पक्के दात यायच्या आधीच, साधारण ६ ते १० वर्षांत, दात आणि जबडा नीट वाढावा म्हणून जे उपचार करतात ते यात येतात. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, संघटना सांगते की ७ वर्षांपर्यंत मुलाला एकदा दाखवून घ्या, कारण तोवर पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही दात आलेले असतात, दात कुठे वळणार याचा अंदाज येतो. दाखवलं म्हणजे लगेच तारा लागल्या असं अजिबात नाही, बऱ्याच मुलांना मधूनमधून तपासणं पुरतं.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत" हा समज मात्र खरंच नुकसान करतो. दुधाची मागची दाढ किडून लवकर काढावी लागली की तिच्यामागे सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे सरकते, मग १०-१२ व्या वर्षी तिथे येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही आणि तो वाकडा येतो नाहीतर हाडातच अडकतो, म्हणून ती जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर बसवतात.

वरचा जबडा अरुंद असेल तर मूल चावताना खालचा जबडा एका बाजूला सरकवतं, हे वेळेत बघायलाच हवं. या वयात टाळूच्या मधला सांधा पक्का झालेला नसतो म्हणून एक्सपांडर, म्हणजे टाळूला बसवायचं जबडा हळूहळू रुंद करणारं स्क्रूचं उपकरण, चालतो, आईवडील घरीच चावी फिरवतात, एका वेळी साधारण पाव मिलिमीटर, आणि रुंदी मिळाल्यावर नवं हाड भरेपर्यंत तो काही महिने तसाच ठेवतात. मोठेपणी हेच करायला कधीकधी ऑपरेशन लागतं. खालचा जबडा पुढे असेल तर फेसमास्कही, म्हणजे चेहऱ्यावर लावून वरचा जबडा पुढे ओढणारं उपकरणही, १० वर्षांच्या आतच जास्त काम करतो.

पुढे आलेल्या वरच्या दातांचं तसं नाही. लवकर सुरू केलं तरी शेवटचा रिझल्ट किशोरवयात केल्यासारखाच येतो, फक्त पडून दात तुटायचा धोका कमी होतो, त्यामुळे मूल फार धडपडं नसेल तर थांबायला हरकत नाही. आठव्या वर्षी वरच्या दोन दातांत दिसणारी फट बघूनही घाबरू नका, ११-१२ व्या वर्षी सुळे आले की ती बहुतेक वेळा आपोआप मिटते.

अंगठा चोखणं पक्के दात यायच्या आत सुटलं तर उत्तम, पण रागावून नको, त्याने मूल लपून चोखतं.