भादरू नका, विंचरा

मे महिन्यातली गोष्ट. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत, संध्याकाळी खाली बागेत एक अनोळखी कुत्रं दिसलं. गुलाबी कातडी, बारीक मान, अंगावर केस कापायच्या मशीनच्या पट्ट्यांच्या खुणा. ते शेपूट हलवत जवळ आलं तेव्हा ओळख पटली. हा तर बी विंगमधला पांढराशुभ्र स्पिट्झ!

"उकडतं हो त्याला," त्याला पाळणारे काका म्हणाले. "तुम्ही बसाल का मे महिन्यात स्वेटर घालून?"

काकांचा त्याच्यावर फार जीव आहे आणि हे काळजीपोटीच केलं होतं. पण दिवाळी आली तरी त्याच्या पाठीवर आणि मांड्यांवर केस धड आले नव्हते. दर उन्हाळ्यात आसपास असे दोन-चार भादरलेले स्पिट्झ, हस्की, गोल्डन रिट्रीवर दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आपल्याला स्वेटरमध्ये उकडतं, कारण आपण सगळ्या अंगाने घाम गाळतो. माणसाच्या कातडीत 20 ते 40 लाख घामग्रंथी असतात आणि स्वेटर तो घाम वाळू देत नाही. कुत्र्याच्या तशा ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असतात. पाठीवरून घाम गाळून गार होणं त्याला जमतच नाही, त्यामुळे पाठ उघडी केल्याने तिथला घाम वाळेल हा प्रश्नच येत नाही. त्याचा सगळा भरवसा धापेवर. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारं कुत्रं धापा टाकताना तीनशेच्या घरात जातं. इतक्या वेगाने छाती हलवायची तर स्नायूंनीच केवढी उष्णता निर्माण करायला हवी! पण तेवढी होत नाही. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा रेटा दिला की तो चालत राहतो, तशी कुत्र्याची छातीही तिच्या स्वाभाविक लयीत हलत असते. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा वाळतो आणि उष्णता घेऊन जातो. चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात एक लिटर पाणी जवळजवळ 3 अंशांनी गार होईल. ठाण्याची अडचण अशी की खाडीकडून येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, तिच्यात ओलावा वाळायला वेळ लागतो. म्हणून दमट दुपारी पंखा, सावली आणि पाणी यांचा कुत्र्याला जेवढा उपयोग, तेवढा मशीनचा नाही.

मग केसांचं काम काय? घरात कुत्रं असेल तर आत्ताच त्याच्या पाठीवरचे केस दोन बोटांनी फाकवून बघा. आमची खारी लॅब्राडोर आहे, तिचे केस आखूड, तरीही दोन थर स्पष्ट दिसतात. वर जाड, चकचकीत, पाणी निथळू देणारे केस. खाली फिकट, मऊ, नागमोडी लव. कातडीतल्या एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्याभोवती लवेचे अनेक बारीक केस असा झुबका वर येतो. या लवेत हवा अडकते. तंतू इतके जवळजवळ असतात की हवेला वर-खाली फिरायला वावच मिळत नाही, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. आजीच्या गोधडीची ऊबसुद्धा कापडापेक्षा थरांमधल्या हवेचीच असते.

आता व्हॉट्सॲपवर याच्या नेमकं उलटं टोक फिरतं: "कुत्र्याचे केस म्हणजे निसर्गाने दिलेला एसी, त्यांना हातही लावू नका." हेही चूक. लव गारवा तयार करत नाही, ती फक्त आड येते. बाहेरची उष्णता आत येताना आड येते, तशीच आतली बाहेर जातानाही. मुळात किती उष्णता इकडून तिकडे जाते ते दोन्ही बाजूंच्या तापमानांतल्या फरकावरही ठरतं. कुत्र्याचं शरीर साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस, कातडी त्याहून थोडी गार, आणि मे महिन्यात सावलीतली हवा 34-35 अंश. फरकच एवढासा, तर केस काढून कातडीतून कितीशी उष्णता बाहेर पडणार? सावलीतला फायदा किरकोळ आणि उन्हातला तोटा मोठा. उन्हात केसांचा वरचा थर तापतो आणि त्यातली बरीचशी उष्णता वाऱ्यावर निघून जाते. भादरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तेच ऊन थेट कातडीवर पडतं. आणि ही कातडी आपल्यापेक्षा नाजूक, तिच्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे जेमतेम तीन ते पाच थर असतात.

केस लवकर परत का येत नाहीत, याचं उत्तर मुळाशी आहे. प्रत्येक केसाची वाढ, आवरतं घेणं आणि विश्रांती अशी पाळी असते. पूडल, शिह त्झू यांचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून ते वाढतच राहतात आणि कापावेच लागतात. त्यांच्याबाबत बिनधास्त कात्री चालवा. स्पिट्झ, हस्की, लॅब यांचे बहुतेक केस विश्रांतीत असतात. केस म्हणजे मृत प्रथिन, तो वरून कापला गेला हे मुळाला कळत नाही. पुढची पाळी येईपर्यंत मूळ स्वस्थ बसतं. त्यात महिने जातात, कधी वर्षही. वाढ कधी थांबवायची हा निरोप देण्यात एफजीएफ5 नावाच्या जनुकाचा हात असतो. ते बिघडलेलं असेल तर वाढीची अवस्था लांबते आणि कुत्रं लांब केसांचं होतं. 2009 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की एफजीएफ5, आरएसपीओ2 आणि केआरटी71 या तीनच जनुकांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून पाळीव कुत्र्यांच्या केसांची बहुतेक विविधता येते. लांबी, मिशा-भुवयांचे झुपके आणि कुरळेपणा, सगळं तीन जनुकांत! मला हे आजही विलक्षण वाटतं.

तर काढायची ती गळून आत अडकलेली लव. ती काढली की उरलेल्या केसांमधून वारा खेळतो आणि वरचा आडोसाही शाबूत राहतो. स्टीलचा कंगवा आणि लव काढायचा रेक एवढं घरी पुरतं. केस एका हाताने उलटे धरायचे, कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि तिथून थोडे थोडे केस सोडत विंचरायचं. गुंता असेल तर टोकाकडून मुळाकडे यायचं. हे सगळं आंघोळीच्या आधी, कारण ओला गुंता वाळताना आणखी घट्ट होतो.

आंघोळ कोमट पाण्याने, कुत्र्याच्याच शाम्पूने. त्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लधर्मी असते, आपला शाम्पू तिच्यासाठी बनवलेला नसतो. खरी कसोटी त्यानंतर, वाळवण्यात. आंघोळीत लवेतली हवा जाऊन तिथे पाणी बसतं. बारीक तंतू एकमेकांना चिकटतात आणि पाणी धरून ठेवतात. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून जास्त उष्णतावाहक, म्हणजे गोधडीची ओली घडी झाली. ती जुलैतल्या ठाण्यात आपोआप वाळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतोय. गेल्या पावसाळ्यात खारीला आंघोळ घातली, टॉवेलने खसाखसा पुसलं, वरून हात फिरवला तर कोरडी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मान खाजवत होती. केस बाजूला केले तर पाच रुपयाच्या नाण्याएवढा लालबुंद, चिकट डाग, संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा. कातडीवर एरवी गुपचूप राहणारे जिवाणू उबदार ओलाव्यात माजतात आणि खाजवून त्यांना वाट मिळते. डॉक्टरांनी तेवढ्याच भागाचे केस काढले. भादरायची वेळ अशी असते. डाग बरोबर काळ्या दोऱ्याखाली होता. नजर लागू नये म्हणून आईने खारीच्या गळ्यात बांधलेला जाड सुती दोरा रात्रभर ओलाच राहिला होता. नजरेने कातडीला काही होत नाही, ओल्या सुताने होतं. मी तो आईसमोरच कापला आणि जखम दाखवली. तिने पुन्हा बांधला नाही. तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात किंवा पायात असा दोरा असेल तर आजच काढा. आंघोळीआधी पट्टाही.

आता आम्ही ड्रायर गार हवेवर ठेवून, हातभर अंतरावरून, केसांच्या उलट दिशेने वारा देतो. लव फाकून कातडी दिसेपर्यंत पुढे सरकत नाही. शेवटी कानामागे, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी कागदी रुमालाचा तुकडा थेट कातडीवर दाबायचा आणि दहापर्यंत मोजायचं. तो कोरडा सुटून आला तर झालं. चिकटला, तर पुन्हा ड्रायर.