टिकाऊ अन्न नक्की कशामुळे टिकतं?

मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियनने आपल्या नागरिकांना सांगितलं की घरात किमान ७२ तास पुरेल इतकं अन्न, पाणी आणि औषधं ठेवा. स्वीडनने तर त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, घरोघरी पुस्तिका वाटली आणि आठवडाभर स्वतःच्या जिवावर राहता येईल अशी तयारी करायला सांगितली. बातमी आल्यावर जगभर लोक टिकाऊ अन्नाच्या याद्या करायला लागले आणि त्या याद्यांमध्ये एक गैरसमज सगळीकडे दिसतो, तो म्हणजे "कोरडं ते टिकतं, ओलं ते नासतं". ऐकायला बरोबर वाटतं पण हे अर्धंच खरं आहे, आणि जो अर्धा भाग सुटतो तोच मला या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, म्हणून हा लेख.

मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं. शेंगदाण्यात १० टक्के ओलावा राहिला तर त्याला बुरशी धरते. म्हणजे ज्याच्यात पाणी जास्त ते टिकतंय आणि ज्याच्यात कमी ते खराब होतंय! असं का होतं? कारण पाणी किती आहे याला तितकंसं महत्त्व नाही, त्यातलं मोकळं किती आहे याला आहे. मधातलं पाणी साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेलं असतं, एफडीत अडकवलेल्या पैशासारखं, खात्यावर दिसतं पण खर्चायला मिळत नाही. शेंगदाण्यात जवळपास अर्धं तेल, तेल पाण्याला धरत नाही, त्यामुळे त्यातलं थोडंसं पाणीसुद्धा बऱ्यापैकी मोकळंच असतं.

या मोकळेपणाला एक आकडा आहे, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची १, अगदी हाडासारख्या कोरड्या वस्तूची शून्याजवळ, आणि आपलं सगळं अन्न या दोघांच्या मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या विल्यम जेम्स स्कॉट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवून दिलं की जंतू वाढणार की नाही हे अन्नातल्या पाण्याच्या टक्केवारीपेक्षा या आकड्यावर ठरतं. ०.९१ च्या खाली बहुतेक बॅक्टेरिया थांबतात, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा चिवट गडी ०.८६ पर्यंत तग धरतो, ०.८० च्या खाली नेहमीच्या बुरश्या थांबतात, आणि ०.६० च्या खाली कुठलाच जंतू वाढत नाही. झेरोमायसेस बायस्पोरस नावाची एक बुरशी ०.६१ पर्यंत वाढते, तिच्यापुढे जवळजवळ कोणी नाही. म्हणजे वर्षानुवर्षं टिकवायचं अन्न पाहिजे असेल तर सगळी धडपड हा आकडा ०.६० च्या खाली आणायची असते.

आता मजा अशी की हा आकडा घरी मोजता येतो, आणि मी मोजतो! लॅबमधलं मशीन महाग असतं, पण खोलीतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर स्वस्तात मिळतो. एका घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत अर्धी बरणी भरेल इतका पदार्थ टाकायचा, वर मीटर ठेवायचा, झाकण लावायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. पदार्थ आपलं मोकळं पाणी बरणीतल्या हवेला देतो किंवा हवेतलं ओढून घेतो, आणि शेवटी दोघांचा तोल जमतो. तेव्हा मीटरवर जी टक्केवारी दिसते तिला १०० ने भागलं की झाली वॉटर ॲक्टिव्हिटी. व्याख्याच तशी आहे, पदार्थावरचा वाफेचा दाब भागिले त्याच तापमानाला शुद्ध पाण्यावरचा वाफेचा दाब.

पण आधी मीटर खरं बोलतोय का ते बघा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून चिखलासारखं ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही, आणि ते मीटरसोबत बरणीत बंद करायचं. दुसऱ्या दिवशी मीटरने ७५ दाखवायला पाहिजे. थंडी असो नाहीतर उन्हाळा, ५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत हा आकडा ७५ च्या आसपासच राहतो, मिठाचा हा गुण मला फार आवडतो. समजा मीटरने ७१ दाखवलं तर पुढच्या प्रत्येक रीडिंगमध्ये ४ मिळवायचे, बस्स.

मग बरण्या लावायच्या. ब्रेडचा तुकडा टाकला की काही तासांतच मीटर नव्वदीत जातो आणि काचेवर आतून हलकं धुकं येतं. मध घातला की आकडा हळूहळू सरकतो, पन्नाशीच्या वर आणि साठीच्या खाली कुठेतरी येऊन बसतो. पांढरा तांदूळही जवळपास तिथेच, साठीच्या आगेमागे. कुरकुरीत बिस्किटं आणि ताज्या पाकिटातली दूध पावडर तीसच्या आसपास किंवा त्याहून खाली. मध आणि तांदूळ शेजारी शेजारी आकडे दाखवतात तेव्हा खरंच थक्क व्हायला होतं, कारण एक हाताला चिकटतोय आणि दुसरा मुठीतून खळखळ गळतोय, पण बुरशीला विचारलं तर दोघं सारखेच!

आता थोडं गणित, पण सोडून जाऊ नका, शाळेतल्या रसायनशास्त्राएवढंच आहे. मीठ आणि साखर दोन्ही पाणी अडकवतात, मग जास्त ताकदवान कोण? राउल्टचा नियम सांगतो की वाफेचा दाब किती घटेल हे विरघळलेल्या कणांच्या वजनावर नाही तर संख्येवर अवलंबून असतं. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या, डझनासारखी. साखरेच्या एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम, मिठाच्या एका मोलचं साधारण ५८.५ ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच वजनात मिठाचे मोल जवळपास ६ पट. वर मीठ पाण्यात गेल्यावर सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, म्हणजे कण साधारण १२ पट. म्हणून लोणची-खारवणात थोडं मीठ जे काम करतं ते करायला जॅममध्ये वाटीवर वाटी साखर लागते. बरं, साखर कितीही ओतली तरी एका मर्यादेनंतर ती विरघळतच नाही, आणि त्या संपृक्त पाकाची वॉटर ॲक्टिव्हिटी ०.८६ च्या आसपास अडकते. मिठाच्या संपृक्त द्रावणाची ०.७५, जी आपण मीटर तपासायला वापरली. मग मध ०.६० च्या खाली कसा काय जातो? कारण मधात साधी साखर फारशी नसते, मधमाश्यांच्या एन्झाइमने तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात, कण दुप्पट, आणि फ्रुक्टोज तर विरघळण्यात साखरेच्याही पुढे. जंतूची पेशी अशा ठिकाणी पडली की तिच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं, काही जंतू आत ग्लिसरॉल साठवून तोल सांभाळायला बघतात, पण त्याला ऊर्जा लागते आणि एका मर्यादेनंतर ते परवडत नाही.

यातून एक गोष्ट कामाची निघते. पाणी जास्त टक्केवारीकडून कमी टक्केवारीकडे जातं असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही, ते जास्त ॲक्टिव्हिटीकडून कमी ॲक्टिव्हिटीकडे जातं. म्हणून मनुके आणि कुरकुरीत फ्लेक्स एकाच डब्यात ठेवले की मनुके दगडासारखे होतात आणि फ्लेक्स मऊ पडतात. कंपन्या यासाठी मनुक्यांना ग्लिसरीन लावतात. आपण साठा करताना सोपं करावं, सुका मेवा वेगळा आणि बिस्किटं वेगळी.

आणि मध कधीच खराब होत नाही हेही विनाअट खरं नाही. बरणीचं झाकण सैल ठेवलं तर मध दमट हवेतलं पाणी ओढतो, वरच्या थराचा आकडा वाढतो आणि यीस्ट कामाला लागतं, मग फेस आणि आंबट वास. टिकण्याचा गुण मधाच्या पावित्र्यात नाही, त्याच्या आकड्यात आणि बंद झाकणात आहे.

बरं, आकडा ०.६० च्या खाली आला, जंतूंची वाढ थांबली, मग अन्न कायमचं टिकलं का? नाही, तिथून पुढे केमिस्ट्रीचा अंमल सुरू होतो. मिनेसोटा युनिव्हर्सिटीचे अन्नशास्त्रज्ञ थिओडोर लाबुझा यांनी या सगळ्या क्रियांचा एक नकाशाच केला. दूध पावडर तपकिरी पडते ती मेलार्ड क्रियेमुळे, म्हणजे साखर आणि प्रथिनं यांच्यातल्या क्रियेमुळे, ती ०.६ ते ०.७ च्या दरम्यान सगळ्यात जोरात चालते आणि खाली मंदावते. पण तेल खवट होणं, म्हणजे ऑक्सिडेशन, ते उलटंच वागतं, ०.२ ते ०.३ च्या दरम्यान सगळ्यात कमी आणि त्याच्याही खाली गेलं की परत वाढतं, कारण पाण्याचा जो पातळ थर चरबीला झाकून ठेवतो तोच निघून जातो. म्हणजे अति कोरडं करणंसुद्धा प्रत्येक पदार्थाला मानवत नाही. जुनी फुल क्रीम दूध पावडर उघडून वास घ्या, पुठ्ठ्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा येतो, एकही जंतू वाढलेला नसताना. चरबी काढलेली पावडर ऑक्सिजन काढून बंद केली तर वर्षानुवर्षं बरी राहते. हातसडीचा तांदूळ काही महिन्यांत खवट होतो आणि पॉलिश केलेला पांढरा दशकंच्या दशकं टिकतो, तेही याचमुळे, कोंड्यातलं तेल. पौष्टिक म्हणून रोज हातसडीचा खा, पण साठ्यात पांढराच ठेवा.

ऑक्सिजन काढायची ती छोटी पुडी असते ना, तिच्यात लोखंडाची भुकटी आणि थोडं मीठ असतं, लोखंड गंजतं आणि गंजताना हवेतला २१ टक्के ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली आणतं. धान्यातले किडेसुद्धा त्यात गुदमरून मरतात. पण ही पुडी ओलसर पदार्थात कधीच टाकू नये. जीवघेणं विष तयार करणाऱ्या बोटुलिनमच्या जंतूला ऑक्सिजन नकोच असतो, त्याला अडवतो तो कोरडेपणा, ०.९३-०.९४ च्या खाली तो वाढत नाही. अर्धवट वाळलेली भाजी अधिक ऑक्सिजन शोषणारी पुडी म्हणजे त्याच्यासाठी घर तयार करून देणं. हे विष चवीला आणि वासाला कळत नाही.

डबाबंद अन्नाचं तत्त्व वेगळं, तिथे पाणी मोकळंच असतं, पण आधी १२१ अंशांना तापवून जंतूंचे चिवट बीजाणू मारलेले असतात आणि डबा सील असतो. १८६५ मध्ये मिसुरी नदीत बर्ट्रांड नावाची आगबोट बुडाली, १९६८ मध्ये ती सापडली, आणि १९७४ मध्ये तिच्यातले डबे तपासले तर शंभरेक वर्षांनंतरही जंतूंची वाढ नव्हती. रंगरूप आणि वास गेला होता आणि व्हिटॅमिन सी सुद्धा. तरी त्याचा अर्थ घरातला फुगलेला डबा चालेल असा मुळीच नाही, फुगलेला, गळणारा डबा न चाखता फेकायचा.

आता फ्रीझ ड्राय केलेल्या अन्नाच्या "२५ वर्षं टिकणाऱ्या" महागड्या बकेटांबद्दल. फ्रीझ ड्रायिंग ही खरोखर अफलातून गोष्ट आहे, अन्न गोठवायचं, हवेचा दाब ६११ पास्कलच्या खाली आणायचा, की बर्फ पाणी न होताच थेट वाफ होऊन निघून जातो आणि मागे छिद्रं छिद्रं असलेला सांगाडा राहतो, म्हणून पाणी घातलं की पदार्थ पटकन परत फुलतो. असला स्ट्रॉबेरीचा काप ताटलीत उघडा ठेवून बघा, सकाळी कडकड मोडणारा काप दमट दिवसात संध्याकाळपर्यंत चामड्यासारखा वाकायला लागतो. म्हणजे ती २५ वर्षं बंद डब्याची आहेत, उघडल्यावरची नाहीत. आणि थंड खोलीतली आहेत. तापमान १० अंशांनी वाढलं की या क्रिया साधारण दुप्पट वेगाने चालतात, त्यामुळे २१ अंशांना २५ वर्षांचा दावा असेल तर ३१ अंशांना तो १२ वर धरावा. आणखी एक, "एका माणसाचा एक महिना" असं लिहिलेल्या खोक्यातल्या कॅलरींची बेरीज स्वतः करा, दिवसाला २००० होतायत का बघा. डिसेंबर २०१२ मध्ये माया कॅलेंडर संपतंय म्हणून जगबुडीच्या भीतीने लोकांनी कुठे कुठे मेणबत्त्या आणि अन्न साठवलं होतं. भविष्यवाण्या येतात आणि जातात, पूर, वादळ, भूकंप आणि वीज जाणं मात्र खरंच होतं, तयारी त्यांच्यासाठी करायची, आणि भीती विकणाऱ्याला तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही.

साठा आणला की आधी खाऊन बघा, आणि तो अडचणीच्या दिवशी शिजवाल तसाच शिजवून. इथे कोरड्या अन्नाची एक बाजू लक्षात येते, जे पाणी काढलं म्हणून ते टिकलं तेच पाणी तुम्हाला परत घालायचंय, आणि त्या दिवशी नळाला पाणी असेलच असं नाही. स्वीडनची पुस्तिका माणशी दिवसाला ३ लिटर धरायला सांगते, त्यात निव्वळ कोरडा साठा असेल तर मी वरचं थोडं धरेन, आणि काही डबाबंद पदार्थ नक्की ठेवेन, कारण त्यांच्यात पाणी आतच असतं आणि ते न तापवताही खाता येतात.

जुन्या राजम्याची चाचणी तर कराच. गरम आणि दमट जागेत पडून राहिलेला राजमा कितीही शिजवला तरी दाताखाली टणक लागतो, कारण त्यातलं फायटेट नावाचं फॉस्फरसचं संयुग मोडतं, त्याने धरलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं आणि पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या पेक्टिनला जाऊन घट्ट बांधून ठेवतं. जंतूंच्या हिशोबाने तो उत्तम असतो, पण शिजवायला जो गॅस जाईल तो अडचणीच्या वेळी परवडणारा नसतो. रात्रभर भिजवताना पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं, पेक्टिन सैल पडतं आणि शिजायचा वेळ चांगलाच कमी होतो. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि बी-१ व्हिटॅमिनही जातं, म्हणून चिमूटभरच. आणि राजम्याला आधी जोरदार उकळी यायलाच पाहिजे, किमान १० मिनिटं, नाहीतर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन पोटाला भारी पडतं, तेव्हा फक्त मंद आचेवर ठेवून गॅस वाचवायचा विचार करू नका. साठ्यात राजमा असेल तर शेजारी सोड्याचा छोटा डबा ठेवा, आणि इंधनाचा हिशोब करताना ती उकळीही त्यात धरा.