फेरीतले सेकंद नेमके कुठे वाचतात?

1961 साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपचं इंजिन 3.8 लिटरचं, कंपनीच्या दाव्यानुसार 265 हॉर्सपॉवरचं. पुढच्याच वर्षी आलेल्या लोटस एलानचं इंजिन जेमतेम दीड लिटरच्या घरातलं, ताकद 105. तरीही वळणावळणांच्या ट्रॅकवर एलान या बलाढ्य गाडीची पाठ सहज सोडत नाही. मला हे कोडं फार आवडतं, कारण ते शाळेतल्या गणिताने सुटतं.

समजा, 200 मीटरचं वळण गाडी ताशी 60 किमीने पार करते. लागतात 12 सेकंद. वेग दहा टक्के वाढवला की 1.1 सेकंद वाचतात. तेवढाच सरळ पट्टा ताशी 180 ने 4 सेकंदांत संपतो आणि तिथे दहा टक्के वाढीने हाती लागतात फक्त 0.36 सेकंद. शिवाय ही वाढ महागात पडते. हवेचा अडथळा मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 160 वरून 200 वर जायचं तर ती जवळपास दुप्पट लागते.

वळणात गाडीला आत धरून ठेवतं ते टायर आणि रस्त्यामधलं घर्षण. 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षणांक 0.9 असेल तर कमाल वेग ताशी सुमारे 76 किमी, 1.0 असेल तर 80. या सूत्रात वजन येतच नाही. मग हलकेपणाचा फायदा कसला? खरं रबर सूत्राइतकं सरळ वागत नाही. त्यावरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते, म्हणून तशाच टायरवर जड गाडी आधी घसरू लागते. ब्रेकचंही तेच. ई-टाइप सुमारे 1,200 किलोची, एलान 680 च्या आसपास. सारख्याच वेगावरून थांबताना ई-टाइपच्या ब्रेकना जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते.

म्हणूनच नुसत्या फेरीच्या वेळा शेजारी मांडून गाड्यांची तुलना करणं मला पटत नाही. आधी टायर विचारावेत. रेडियल म्हणजे आजच्या घडणीचे टायर चढवले तर जुनी गाडी एकदम वेगवान होते, पण मग आपण मोजतो ते आजचं रबर. ब्रिटनमधल्या अनेक ऐतिहासिक शर्यतींत जुन्या घडणीचे टायर सक्तीचे असतात ते याचसाठी. मग हवामान. 30 अंशांपेक्षा 10 अंशांवरची हवा सुमारे सात टक्के दाट असते. इंजिनाला ऑक्सिजन जास्त मिळतो, पण थंड रबराची पकड कमी असते.

इंग्लंडमधल्या गुडवुडच्या सुमारे 3.8 किमी ट्रॅकवर 1965 मध्ये जिम क्लार्क आणि जॅकी स्टुअर्ट या दोन्ही शर्यतपटूंनी 1 मिनिट 20.4 सेकंदांची फेरी नोंदवली. त्या फॉर्म्युला वन गाड्यांची इंजिनं दीडच लिटरची होती, पण गाडीच्या वजनाची किमान मर्यादा होती 450 किलो!

आता जीपीएस यंत्रामुळे दोन गाड्यांचे वेगाचे आलेख एकमेकांवर ठेवता येतात. मला एकूण वेळेपेक्षा ते पाहण्यात जास्त गोडी वाटते. ताकदवान गाडीची रेघ सरळ पट्ट्यावर उंच चढते, पण लवकर खाली वळते, कारण ब्रेक आधी दाबावे लागतात. हलकीची रेघ तेवढी चढत नाही आणि वळणात तेवढी खोल उतरतही नाही. दोघींच्या वेळा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत जुळल्या, तरी ते सेकंद ट्रॅकच्या वेगवेगळ्या भागांत कमावलेले असतात.